‘मरायला टेकलेलं झाड गळ्यात मारलं’ या एक स्टारच्या रिव्ह्यूला नर्सरीकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला. आमच्या मुलाने चार गिऱ्हाइकांसमोर तुम्हाला “अहो, ते मरणारच होतं” असं सुनावलं, त्याबद्दल माफी मागतो. पोरगा मनाने वाईट नाही, तोंडाने फटकळ आहे. त्याला समज दिली आहे.

पण “मरायला टेकलेलं झाड साडेचारशे रुपयांना गळ्यात मारलं” हे जे वाक्य आहे, त्यावर गप्प बसणं मला जमत नाही. आमचं नाव शोधलं की सगळ्यांत वर आता तेच दिसतं. मुलुंडमध्ये नवीन राहायला आलेला माणूस आधी ते वाचतो आणि पुढच्या नर्सरीत जातो. आमच्याकडे जाहिरातीला पैसे नाहीत, जे काही आहे ते या स्टारवरच आहे. म्हणून जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट तारखेची. लाल गुझमानिया, म्हणजे ते लाल तुऱ्याचं कुंडीतलं शोभेचं झाड, तुम्ही फेब्रुवारीत नेलंत, बिलाची प्रत आमच्याकडे आहे. सुकलेलं झाड घेऊन आलात हरतालिकेच्या आदल्या संध्याकाळी. या दोन तारखांपैकी एकही तुमच्या रिव्ह्यूत नाही. वाचणाऱ्याला वाटतं, सोमवारी नेलं आणि शनिवारी मेलं. मधे मे महिन्यात तुम्हीच आमच्या व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला होतात आणि खाली लिहिलं होतंत की अजून तसंच लाल आहे, मैत्रिणी हात लावून बघतात प्लास्टिकचं आहे का म्हणून. तो मेसेज मी घरी सगळ्यांना दाखवला होता. आता त्याच झाडाला “पहिल्यापासून आजारी” म्हटलेलं वाचलं की कसं वाटतं, ते सांगत बसत नाही.

आता ते मेलं का, ते सांगतो. तुम्ही ज्याला फूल म्हणता ती खरं तर रंगीत पानं आहेत. खरी फुलं बारीक असतात, त्या लाल पानांच्या बेचक्यातून डोकावतात आणि थोड्याच दिवसांत सुकतात. लाल तुरा मात्र तीन-चार महिने, जागा मानवली तर त्याहून जास्त टिकतो. असा तुरा त्या झाडाला आयुष्यात एकदाच येतो. तो ओसरला की ते हळूहळू, काही महिने घेऊन, पानापानाने वाळत जातं आणि तेवढ्यात बुंध्याशी पिल्लं धरतं. आमच्याकडचंच नाही, कुठल्याही नर्सरीतलं, पुण्याचं, बंगळुरूचं, थेट ब्राझीलच्या जंगलातलं ब्रोमेलियाड (गुझमानिया ज्या कुळातली ते झाड) घेतलंत तरी बहुतेक हेच होणार. तुम्ही आलात तेव्हा काउंटरला टेकून पूजेचे केळीचे खांब उभे होते, आठवत असेल. केळीचंही असंच असतं. घड उतरवला की खांब तोडायचा आणि बाजूचा मुनवा वाढवायचा, आणि केळ मेली म्हणून बागायतदाराशी कुणी भांडत नाही. मी तेच सांगायला तोंड उघडलं होतं. पण मागे दुर्वा, आघाडा, केवडा मागणाऱ्यांची रांग बाहेर रिक्षा स्टँडपर्यंत गेली होती, आणि तुम्ही म्हणालात “मला केळी शिकवू नका.” तेव्हा मी हसलो ते तुम्हाला नव्हे, अवघडून हसलो.

माझ्या जिवाला लागलंय ते दुसरंच. तुमच्या रिव्ह्यूत एक ओळ आहे: “बाजूला उगवणारं जंगली मी वेळच्या वेळी काढून टाकत होते, तरी झाड वाचलं नाही.” ताई, ते जंगली नव्हतं. तीच पिल्लं होती. तुम्ही टाकलेला दुसरा फोटो मोठा करून बघा, बुंध्याशी कापल्याच्या खुणा दिसतात. आई झाडाच्या एक तृतीयांश ते निम्म्या उंचीचं झालं की पिल्लू धारदार सुरीने, जमल्यास थोड्या मुळांसकट, वेगळं करतात. चार-पाच इंचाच्या कुंडीत कोकोपीट आणि सालीचे तुकडे घालून लावलं की दोन-तीन वर्षांत त्यालाही तुरा येतो. साडेचारशे रुपयांत एक झाड नव्हे, झाडांची पिढी मिळते. ती कचऱ्याच्या डब्यात गेली.

“सांगितलं का नाही” हा तुमचा प्रश्न. सांगितलं होतं. शिवाय ब्रोमेलियाडच्या रॅकवर पाटी आहे, ‘एकदाच फुलते, पिल्ले जपा’. पेटुनियाच्या सीझनमध्ये पाटीपुढे कुंड्या येतात, एवढंच.

किमतीबद्दल तुम्ही “लूट” लिहिलंत. ही रोपं पुण्याकडच्या पॉलिहाऊसमधून येतात. लॅबमधल्या इवल्याशा रोपापासून तुऱ्यापर्यंत यायला दीड-दोन वर्षं तरी जातात. सगळी एकदम फुलावीत म्हणून त्यांना इथिलीन देतात. पिकणाऱ्या फळांतून सुटतो तोच वायू, आणि अननसाच्या शेतातही फुलोरा एकदम आणायला त्याच जातीचं औषध वापरतात. अननस या झाडाचा सख्खा भाऊबंद आहे, पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणला. तर सांगायचं काय, फुललेली गुझमानिया म्हणजे आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातलंच झाड, पण तो टप्पा सगळ्यांत देखणा म्हणून तर लोक घेतात. न फुललेली हिरवी रोपं दीडशेला ठेवून बघितली होती. कुणी वळूनही पाहत नाही. टेम्पोचं भाडं, वाटेत मोडणारी पानं आणि जागेचं भाडं वजा जाता साडेचारशेत आमच्या हातात किती राहतं ते इथे लिहिलं तर तुम्हालाच कसंतरी होईल.

डासांचा मुद्दा मात्र गंभीर आहे आणि त्यावर वाद घालत नाही. तुम्ही लिहिलंय की पालिकेची माणसं तपासणीला आली, झाडाच्या मधल्या वाटीत त्यांना अळ्या सापडल्या आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी तुम्हाला ऐकवलं. पावसाळ्यात असं होऊ शकतं. हे झाड मुळांनी कमी आणि पानांच्या वाटीने जास्त पितं. रानात ते दुसऱ्या झाडांच्या फांद्यांवर बसतं, तिथे मुळं मुख्यतः धरून ठेवायच्या कामाची. म्हणून वाटीत पाणी हवंच. पण ते साठवायचं नाही, बदलायचं. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, तेव्हा दर तीन-चार दिवसांनी कुंडी मोरीत आडवी करून जुनं पाणी ओतून टाकायचं, वाटी धुवायची आणि ताजं थोडंसंच भरायचं. कुंडीखालच्या बशीतही पाणी ठेवायचं नाही. मी “पाणी बदला” म्हणालो होतो, तुम्ही “पाणी घाला” ऐकलंत, असं मला वाटतं. कोण बरोबर ते आता सिद्ध होणार नाही.

आणि ते निळं औषध! बुरशी आली असं वाटून तुम्ही गावाहून आणलेलं, पावसाळ्यात सुपारीवर फवारतात ते मोरचूद-चुन्याचं मिश्रण यावर मारलंत, हे तुम्हीच लिहिलंय. सुपारीला ते उत्तम. पण मोरचुदात तांबं असतं, आणि या कुळाला तांबं सोसत नाही, आणि वाटीत उतरलं की तिथेच साचून राहतं. आई झाड त्याने मेलं असं मी म्हणणार नाही, ते जायच्याच वाटेवर होतं. पण पिल्लं राहिली असती तर त्यांना नक्की बाधलं असतं. त्याआधी एक फोन केला असता तर बरं झालं असतं. बिलावर नंबर आहे, आम्ही झाडाबद्दलच्या सल्ल्याचे पैसे घेत नाही.

तुमच्या टॉवरमध्ये टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर पानांवर पांढरे डाग आणि टोकं करपणं त्यानेही होतं. पालिकेचं तलावाचं पाणी याला चांगलं चालतं, पावसाचं सगळ्यांत उत्तम. ऊन थेट नको, खिडकीपासून दोन हात आत ठेवायचं. एसीच्या झोतासमोर तर अजिबात नको. मुंबईची दमट हवा याला मानवते, एसीची कोरडी नाही. खताचं पाणी नेहमीच्या पाव ताकदीचं, तेही महिन्यातून एकदा पुरे. हे रिव्ह्यू वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहितोय, तुम्हाला टोमणा नाही.

सुधारणा म्हणाल तर आता बिलासोबत देखभालीचा छापील कागद देणार आहोत. मजकूर तयार आहे, सणासुदीनंतर छापून येईल. पाटीही मोठी करतो आहोत. गर्दीच्या दिवसात तक्रार ऐकायला वेगळं कुणी ठेवता येईल का, तेही बघतो.

पैसे परत देणार नाही. रागाने नाही, पण दिले तर मी मेलेलं झाड विकलं असं मीच कबूल केल्यासारखं होईल. मात्र त्याच लॉटमधली, तुरा ओसरलेली काही झाडं मागच्या शेडमध्ये आहेत आणि त्यांना पिल्लं धरली आहेत. त्यातलं एक तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलंय, त्याचे पैसे नाहीत. तुमची जुनी कुंडी टाकली नसेल तर बुंधा खरवडून बघा. आत हिरवं असेल तर तिथूनही एखादा कोंब येऊ शकतो. पाणी बेताचं द्या आणि ते निळं औषध लांब ठेवा.

एक स्टार हवा तर तसाच ठेवा. फक्त त्यात झाड फेब्रुवारीत नेलं होतं एवढं लिहा, ही विनंती.

पिल्लू न्यायला सकाळी अकराच्या आत या, तेव्हा मी स्वतः असतो आणि ते लावायचं कसं ते हातात देऊन दाखवता येईल. सोमवारी बंद असतं. जुनी कुंडी आणलीत तर धुऊन, नवीन कोकोपीट भरून देऊ.