म्हणे लहान मुलांचा सिनेमा

"लहान मुलांचा आहे, लाव की" असं कुणी म्हटलं ना की मी आता आधी रुमाल शोधतो. ही कार्टून काढणारी मंडळी लई डांबिस असतात. पोस्टरवर रंगीत फुगे, गुबगुबीत पोरगं, एक कुत्रा. आपल्याला वाटतं चला, दीड तास पोरं गप बसतील आणि आपण तक्क्याला टेकून एक डुलकी काढू. सुरू झाल्यावर कळतं की कुत्रा तेवढा पोरांसाठी आहे, बाकी सगळा माल आई-बापांना रडवायला भरलाय.

आता मे महिन्यात सोलापुरात दुपारी पोरांचं करायचं काय हा प्रश्न ज्याला पडलाय त्यालाच माझं दुःख कळेल. ४४ डिग्री. तलावावर न्या तर ऊन, किल्ल्यावर न्या तर ऊन, आणि घरात ठेवा तर पोरं पंख्याला लटकायची तेवढी बाकी. त्यात पुण्याहून भाची आलेली, आठवीतली, तिला दर अर्ध्या तासानं बोअर होतं. तिनंच काढलं 'अप'. "मामा, २००९ चा आहे, पिक्सारचा, पीट डॉक्टरनं केलाय, दोन ऑस्कर आहेत, फुल फॅमिली मुव्ही." झालं, फॅमिली म्हटल्यावर सगळी फॅमिली आली. कारण सिनेमा कसा का असेना, कूलर त्याच खोलीत होता. अप्पा खुर्चीत, आई शेंगा निवडत खाली, बायको कपड्यांच्या घड्या घेऊन, पोरगा थेट कूलरच्या तोंडाला. कूलरमध्ये पाणी तांब्यानं मोजून घातलेलं, कारण नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, उजनी भरलेली असो नाहीतर रिकामी.

सिनेमात काय तर कार्ल नावाचा एक म्हातारा, ७८ वर्षांचा. पण आधी त्याचं आणि एलीचं लहानपण, मग लग्न, मग संसार. सगळा संसार चारेक मिनिटांत आणि त्यात एक शब्द नाही, नुसतं संगीत. (दोनातलं एक ऑस्कर त्या संगीताचंच, आणि ते देणाऱ्यांनी आमच्या घरी काय झालं ते बघायला हवं होतं.) आईला इंग्रजी येत नाही म्हणून भाची शेजारी बसून समजावणार होती, पण या भागात आईच सगळ्यांच्या पुढं.

ती दोघं बाळाची खोली रंगवतात. पुढच्या सीनला डॉक्टरकडं, एली तोंड झाकून बसलेली.

"पप्पा, बाळ कुठाय?" पोरगा.

मी पंख्याकडं बघितलं. बायकोनं एका टॉवेलची चौथ्यांदा घडी केली. आई म्हणाली, "गावाला गेलं रे." पोरगा समाधानी. मला मात्र घशात काहीतरी अडकलं आणि मी शेंगाचटणी हातात नसताना "चटणी झोंबली" असं म्हणून बसलो.

मग ती बरणी आली. दोघांना लांब दक्षिण अमेरिकेत एक धबधबा बघायला जायचंय, त्यासाठी बरणीत चिल्लर साठवतात. गाडीचं टायर फुटतं, बरणी फोडा. कार्लचा पाय मोडतो, फोडा. घरावर झाड पडतं, फोडा. आईच्या शेंगा निवडायच्या थांबल्या.

"आमची काशी अशीच गेली," ती टीव्हीकडंच बघत म्हणाली.

"आता काशीचं काय मधीच?" अप्पा.

"एकदा बोर मारली, चारशे फूट, नुसती धूळ. मग याच्या डिप्लोम्याची फी. मग पोरीचं लग्न. गाणगापूर, तुळजापूर, पंढरपूर, सगळं एष्टीच्या टप्प्यातलं दाखवलं यांनी."

एष्टीच्या टप्प्यातलं हे वाक्य अप्पांना लई लागलं. आणि तिकडं कार्ल शेवटी विमानाची तिकिटं काढतो आणि त्याच दिवशी एली टेकडीवर चढता चढता पडते. खोलीत कूलरचाच काय तो आवाज. मी रुमाल शोधालोय, बायको घडी केलेल्या टॉवेलनं डोळे पुसालीय, अप्पांनी चष्मा काढून ठेवलाय, भाची स्क्रीन सोडून आम्हा चौघांकडं बघालीय आणि पोरगा विचारालाय की कुत्रा कधी येणार. तेवढ्यात शेजारच्या काकूंची आरोळी.

"पाणी आलं वोऽऽ!"

जगात कुठल्याही दिग्दर्शकानं असा कट मारला नसेल. पाळी रात्रीची होती, पण ते नळाला कोण सांगणार. एली हॉस्पिटलात आणि आमचं सगळं घर अंगणात, मोटार लाव, पाइप जोड, पिंप धू, बादल्या, कळशा, घागरी, कूलरची टाकी. सगळ्यांचे डोळे लाल. काकूंनी बायकोला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "कोण गेलं का गं?" बायको म्हणाली, "एली." काकू म्हणाल्या, "अगंबाई, तुमच्या पुण्याच्यापैकी का?" आणि पदर डोक्यावरून घेऊन आमच्या बादल्या भरू लागल्या. त्यांना पुढं समजावणं मला काही जमलं नाही. हौद मात्र त्या दिवशी लवकर भरला.

उरलेला सिनेमा संध्याकाळी. आता म्हाताऱ्याच्या घराच्या चारी बाजूंनी बिल्डिंगी उठालेल्या आणि बिल्डर घर मागालाय, म्हातारा देईना. इथं अप्पा सावरून बसले. आमच्या जुन्या घरावर पण एकानं डोळा ठेवलाय, पेढे घेऊन येतो, त्यामुळं कार्ल त्या बांधकामवाल्याला काठी मारतो तेव्हा अप्पांनी खुर्चीतून "हाण की बे अजून!" अशी दाद दिली. मग कोर्ट त्याला वृद्धाश्रमात जा म्हणतं आणि तो घराला फुगे बांधून घरासकट उडून जातो. पोरगा टाळ्या वाजवालाय, आणि अप्पांना वेगळीच काळजी. "गॅसची टाकी बंद केली का यानं? आणि घरपट्टी?"

भाची लगेच मोबाइलवर. खरं घर उचलायला दोन-तीन कोटी फुगे लागतील असा हिशोब त्या पिक्सारवाल्यांनीच केला होता म्हणे, सिनेमात घर उडतं तेव्हा वीस हजारांच्या वर काढलेत. अप्पा म्हणाले, गड्ड्याच्या जत्रेत फुगा वीस रुपयाला, म्हणजे दोन कोटी फुग्यांचे चाळीस कोटी, घाऊक घेतले तर तीस. मग जरा गप बसून, "त्यापेक्षा बिल्डरला दिलेलं परवडतं." बघा, एवढा आठवणीतला सीन आणि त्याचा असा बाजार.

कुत्रा शेवटी आला एकदाचा. बोलणारा, आणि बोलता बोलता मधीच खार दिसली की सगळं विसरून तिकडं बघणारा. पोरगा हसून हसून लोळला. पक्ष्याचं नाव केविन आणि ती निघाली मादी, तिथं परत लोळला. त्याच्यासाठी हा एक भारी धमाल सिनेमा होता, त्यात कुणीच मेलं नव्हतं. एली त्याच्या लक्षातच नाही. मला त्याचा हेवा वाटला, खरं सांगतो.

कारण आम्हाला अजून एक फटका बाकी होता. शेवटी कार्ल एलीची जुनी वही उघडतो. त्याला वाटत असतं की पुढची पानं कोरीच असणार, तर तिनं त्यात त्यांच्या साध्यासुध्या संसाराचेच फोटो लावून ठेवलेत. परत चष्मे, परत टॉवेल. अप्पांना मात्र संधी दिसली.

"बघ, धबधबा नाही दाखवला तरी तिनं तक्रार केली का?"

"मेली बिचारी," आई म्हणाली. "कशी करणार?"

अप्पा त्यावर काही बोलले नाहीत, जेवताना कडक भाकरी मात्र जरा जास्तच मोठ्यानं मोडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर अप्पांची चार पायांची काठी अजिबात आवाज न करता घरभर फिरालीय. कार्लच्या काठीला खाली टेनिस बॉल लावलेले असतात, तसे पोरगा आणि भाचीनं लावून दिलेले, कापून, बरोब्बर चार. ते बॉल कुणाचे हे पाच वाजता कळलं. सगळी गल्ली टीम बॅटा घेऊन दारात उभी.

"अप्पा, बॉल द्या की वो."

"आज फुटबॉल खेळा बे," अप्पा म्हणाले आणि गुपचूप पाय टाकत बिल्डर येतोय का बघायला गॅलरीत गेले.