जास्त क्रियाशील धातू आधी सडायला नको का? दर्यापूरकडच्या वाचकाला उत्तर

नमस्कार भाऊ,

‘बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) लोखंडी बादलीत का कालवू नये’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून ती इथे थोडक्यात देतो. तुम्ही म्हणता, अल्युमिनियम आणि जस्त लोखंडाहून क्रियाशील असतील, तर घरातलं जर्मनचं (म्हणजे अल्युमिनियमचं) भगोनं आणि गोठ्यावरचे पत्रे आधी सडायला हवे होते. प्रत्यक्षात गंजला तो विळा. म्हणून क्रियाशीलतेचा तक्ता (जास्त क्रियाशील धातू वर, कमी क्रियाशील खाली) दहावीच्या पेपरापुरता खरा, शेतात खोटा. शिवाय तुमच्या बोअरमधला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप मोटरीच्या तोंडाशीच खाल्ला गेला. त्याला ‘दोन धातू एकमेकांना लागले’ हे कारण देणं म्हणजे डुप्लिकेट माल विकणाऱ्याला पाठीशी घालणं.

भगोन्याचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर तुमच्या घरीच मिळेल. फवारणीचं मोरचूद (म्हणजे कॉपर सल्फेट, तांब्याचा क्षार) थोडंसं काचेच्या जुन्या ग्लासात विरघळवा (तो ग्लास पुन्हा पिण्यासाठी वापरू नका, मोरचूद विषारी आहे) आणि त्यात अल्युमिनियमच्या तारेचा तुकडा सोडा. बराच वेळ काही घडत नाही. तक्त्याप्रमाणे घडायला हवं, कारण अल्युमिनियम तांब्याच्या कितीतरी वर आहे. आता त्यात चिमूटभर मीठ टाका. थोड्या वेळाने तारेवर लालसर तांबं बसायला लागतं, बुडबुडे येतात, ग्लास हाताला कोमट लागतो. तार तीच, मोरचूद तेच.

अल्युमिनियम हवेला उघडं पडलं की त्यावर लगेच ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. जाडी अवघी काही नॅनोमीटर, पण तो इतका घट्ट बसतो की खालच्या धातूपर्यंत पाणी-हवा पोचतच नाही. तुमचं भगोनं टिकलं ते या पापुद्र्यामुळे. मिठातल्या क्लोराइडने तो फोडला आणि तक्त्यात लिहिलेलं लगेच खरं झालं. लोखंडाचा गंज याच्या उलट: भुसभुशीत, फुगणारा, पोपडे धरून गळणारा. खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं आणि पुन्हा गंजतं. म्हणजे कोणता धातू इलेक्ट्रॉन सोडायला किती उतावीळ आहे हे तक्ता बरोबर सांगतो. त्याच्या अंगावर काय चढलंय हे तो सांगत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही पाहाव्या लागतात.

याच कारणाने जर्मनच्या भांड्यात चुनाही भिजवू नका. चुन्याचं पाणी तो पापुद्रा विरघळवतं आणि खालच्या धातूतून हायड्रोजन निघू लागतो. बोर्डो प्लास्टिकच्या ड्रममध्येच करावं. वरुड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागांत डिंक्यासाठी (खोडातून डिंक गळण्याच्या रोगासाठी) बोर्डो मलम लावणारे जुने लोक विळ्याचं पातं मिश्रणात बुडवून पाहतात. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला. हा तक्त्याचाच रोजच्या कामातला उपयोग आहे: मोकळं राहिलेलं तांबं लोखंडावर येऊन बसतं, तेवढं लोखंड पाण्यात जातं. एक किलो मोरचुदात सुमारे २५० ग्रॅम तांबं असतं. ते सगळं लोखंडी बादलीवर उतरलं तर बादलीचं सुमारे २२५ ग्रॅम लोखंड गेलं, आणि झाडाला हवं असलेलं तांबं बादलीलाच चिकटून राहिलं. ते शेतकऱ्याचं दुहेरी नुकसान आहे, म्हणून तो लेख लिहिला.

गोठ्याच्या पत्र्याबद्दल थोडक्यात. त्यावरचं जस्त झिजतच असतं, पण हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्यावर राखाडी थर धरतो आणि झीज मंदावते. पत्र्याला ओरखडा पडला तरी जस्त आधी जातं, लोखंड वाचतं; लोखंडाला जस्त त्याच्यासाठीच फासतात. तेलाच्या टिनाच्या पिप्याचं उलटं आहे. कथिल लोखंडाहून कमी क्रियाशील, त्यामुळे ओरखडा पडला की तिथलं लोखंड आणखी लवकर जातं. पत्र्याला खताची पोती मात्र टेकवून ठेवू नका. पोटॅश म्हणून आपण जे खत आणतो ते बहुधा पोटॅशियम क्लोराइड असतं, म्हणजे पुन्हा तेच क्लोराइड.

आता बोअर. इथे मी तुमच्याशी ठामपणे असहमत आहे. दोन धातू लागल्याने एक खाल्ला जातो हे कुणा दुकानदाराने काढलेलं निमित्त नाही. ब्रिटिश आरमाराने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या लढाऊ जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा लोखंडी खिळ्यांनी ठोकला. १७६३ मध्ये तपासणी झाली तेव्हा बरेच खिळे पार कुजलेले निघाले. मात्र पत्र्याच्या वेष्टनाचा तपकिरी कागद ज्या खिळ्यांखाली राहून गेला होता, ते शाबूत होते. मधल्या कागदाने दोन धातूंची गाठ पडू दिली नाही, एवढाच फरक.

तुमची मोटर स्टेनलेस स्टीलची, तिला जोडलेला पाईप जीआयचा. स्टेनलेसवर क्रोमियमचा पापुद्रा असल्याने ते साध्या लोखंडापेक्षा कमी क्रियाशील धातूसारखं वागतं. दोघांच्या मधे पाणी आहे आणि तुमचा भाग पूर्णेचा खारपाणपट्टा. खारं पाणी वीज सहज वाहून नेतं, त्यामुळे ही झीज गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी जलद होते. त्यात झीज होते ती नेमकी आट्यांवर, जिथे आटे पाडताना जस्त निघून गेलेलं आणि पाईपची जाडीही कमी झालेली असते.

दुकानदाराने फसवलंच नसेल असं मी म्हणत नाही. ते पाईप पाहून कळेल. आयएस १२३९ या भारतीय मानकाच्या पाईपवर पिवळा पट्टा म्हणजे हलका, निळा म्हणजे मध्यम, लाल म्हणजे जड. निळ्याचे पैसे घेऊन पिवळा दिला असेल तर भांडा, मी तुमच्या बाजूने आहे. अख्खा पाईप वरपासून खालपर्यंत सारखाच झिजला असेल तर माल हलका किंवा जस्त कमी. पण वरचे पाईप धड आणि फक्त मोटरीला लागलेला तुकडा गेला असेल, तर तिथे नवा, जड, लाल पट्ट्याचा पाईप लावूनही थोडा उशिराने तेच होईल. त्यापेक्षा खारपाणात यूपीव्हीसीचे (कडक प्लास्टिकचे) कॉलम पाईप घ्या, आणि मोटरीच्या तोंडाशी जीआयचा निपल न लावता स्टेनलेसचा अ‍ॅडॉप्टर लावा.

मोटर पुढच्या वेळी वर काढाल तेव्हा पाईपच्या वरच्या आणि खालच्या टोकाचा फोटो टाका. पट्ट्याचा रंग दिसेल असा घ्या.