मागं उभी असलेली मारुती

आज २६ डिसेंबर, डॉ. मनमोहनसिंगांचा स्मृतिदिन. सकाळी अण्णांना चहा दिला आणि तारीख सांगितली, तर म्हणाले, "ती मारुतीची गोष्ट वाच की परत." मी फोनमध्ये जपून ठेवलेली पोस्ट काढली आणि पुन्हा एकदा मोठ्यानं वाचली.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ती लिहिली आहे असीम अरुण यांनी. हे उत्तर प्रदेशातल्या कन्नौजचे भाजपचे आमदार, तिथल्या सरकारात मंत्री. राजकारणात येण्याआधी ते आयपीएस अधिकारी होते आणि २००४ पासून जवळजवळ तीन वर्षं पंतप्रधानांच्या सुरक्षेसाठी असलेल्या एसपीजी या खास दलात होते. तेही सर्वांत आतल्या कड्याचे प्रमुख. पंतप्रधानांसोबत एकच अंगरक्षक राहू शकेल अशी वेळ आली, तर जो राहायचा तो हा माणूस. सावलीसारखा.

२०२४ साली मनमोहनसिंग गेले आणि काही तासांतच असीम अरुण यांनी ती आठवण लिहिली. डॉक्टरसाहेबांची स्वतःची गाडी एकच, मारुती ८००. पंतप्रधान निवासात ती चकाकत्या काळ्या बीएमडब्ल्यूच्या मागं उभी असायची. साहेब त्यांना पुन्हा पुन्हा म्हणायचे, या गाडीतून फिरायला मला आवडत नाही, "मेरी गड्डी तो यह है." असीम अरुण समजावून सांगायचे, की साहेब, ही गाडी थाटासाठी नाही, तिची सुरक्षा अशी आहे म्हणून एसपीजीनं घेतलीय. पण ताफा त्या मारुतीसमोरून निघाला की साहेब तिच्याकडं मन भरून पाहायचे. जणू स्वतःला बजावत असावेत, की मी मध्यमवर्गातला माणूस आहे आणि सामान्य माणसाची काळजी घेणं हे माझं काम. कोट्यवधींची गाडी पंतप्रधानांची, माझी ही मारुती.

बस्स. एवढंच लिहिलंय. 'युगपुरुष' नाही, 'पोकळी निर्माण झाली' नाही, आकाशातला तारा निखळलेला नाही.

मला या आठवणीतली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती वेगळीच. मनमोहनसिंगांनी बीएमडब्ल्यू नाकारली नाही! त्यांना ते जमलं असतं. एक दिवस मारुतीत बसून संसदेत गेले असते तर देशभर फोटो छापून आले असते. साधेपणाचं केवढं कौतुक झालं असतं. पण त्यामुळं सुरक्षेच्या पोरांचा जीव टांगणीला लागला असता. म्हणून नावडत्या गाडीत ते गुमान बसत राहिले, जाता जाता आपल्या गाडीकडं बघत राहिले, आणि हे कुणाला कळावं अशी काही व्यवस्था त्यांनी केली नाही. दहा वर्षं पंतप्रधान होते, त्यानंतरही दहा वर्षं जगले. स्वतःच्या तोंडानं ही गोष्ट त्यांनी सभेत सांगितल्याचं मी तरी कधी ऐकलं नाही. साहेबांची नजर कुठं वळते हे शेजारच्या माणसानं टिपलं होतं, म्हणून आपल्याला कळलं.

आणि ते सांगितलं कुणी, तर विरोधी पक्षाच्या आमदारानं. मधे 'पण' नाही, 'मतभेद असले तरी' नाही. ज्या माणसाच्या जिवाची जबाबदारी माझ्यावर होती तो असा होता, मी पाहिलाय, इतकं सरळ. सध्याच्या दिवसांत हे लिहायला छाती लागते. असीम अरुण यांच्या राजकारणाशी माझा काही संबंध नाही, पण त्या रात्री त्यांनी मनाचा जो मोठेपणा दाखवला त्यासाठी मी त्यांना मनापासून नमस्कार करतो.

आता अण्णांबद्दल. आमचे अण्णा गिरणीत मागावर होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी शाळेत होतो. देणी थकली, भोंगा थांबला, आणि घरात मनमोहनसिंग हे नाव शिवी दिल्यासारखं घेतलं जाऊ लागलं. २४ जुलै १९९१ चा अर्थसंकल्प, परवाना राज संपलं, बाजार उघडला, हे सगळं पेपरात थोर होतं. आमच्या चाळीत त्याचा अर्थ एकच, की आता आपलं कुणी नाही. पुढं मी शिकलो, वाचलं. सोलापूरच्या गिरण्यांचं दुखणं १९९१ पेक्षा कितीतरी जुनं होतं, हे मला कळलं. जुनाट यंत्रं, यंत्रमागाची स्पर्धा, मालकांनी पैसा न गुंतवणं. तेव्हा देशाच्या तिजोरीत दोनेक आठवड्यांच्या आयातीपुरतंच परकीय चलन उरलं होतं आणि सोनं गहाण टाकावं लागलं होतं, हेही कळलं. अण्णांना हे मी किती वेळा सांगितलं असेल! ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "तुझं पुस्तक बरोबर असंल. माझा पगार कुठाय?" याला माझ्याकडं आजही उत्तर नाही.

त्याच घरातली दुसरी गोष्ट. १९७२ च्या दुष्काळात माझी आजी मंगळवेढ्याकडच्या आमच्या गावी खडी फोडायला जायची. मिलो ज्वारीची लाल भाकरी आणि सुकडी, यावर तिनं लेकरं जगवली. त्याच दुष्काळातून महाराष्ट्रात रोजगार हमी उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला. आणि २००५ मध्ये मनमोहनसिंगांच्या सरकारनं तो हक्क देशभरच्या खेड्यांसाठी कायद्यात आणला. तो कायदा त्यांच्या एकट्याचा नव्हे, अनेकांचे कष्ट होते त्यात, पण झाला त्यांच्या काळात. माहिती अधिकारही त्याच वर्षीचा. ज्या माणसानं बाजार उघडला, त्याच्याच सरकारनं खडी फोडणाऱ्या बाईला काम मागायचा हक्क दिला. अण्णांना हे सांगितलं त्या दिवशी ते बराच वेळ गप्प बसले होते.

मीही मनमोहनसिंगांवर रागावलो होतो, हे लपवत नाही. टू-जी, कोळसा घोटाळ्यांचे आरोप, रोज नवं प्रकरण, आणि पंतप्रधान गप्प. २०१४ ला मी विरोधात मत दिलं. त्या निवडणुकीत आमच्या सोलापुरात सुशीलकुमार शिंदे पडले. कोर्टातल्या शिपायापासून देशाच्या गृहमंत्र्यापर्यंत गेलेला आमच्या गावचा माणूस, मनमोहनसिंगांच्याच मंत्रिमंडळातला. त्या मताचा मला आज पश्चात्ताप आहे असंही नाही. स्वतः स्वच्छ असणं पुरत नाही, शेजारी काय चाललंय ते थांबवावंही लागतं, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. पण राग धोरणाचा असतो, कारभाराचा असतो. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल खरं बोलायला त्या रागानं आड येऊ नये. ऑगस्ट २००५ मध्ये याच माणसानं १९८४ च्या शीख हत्याकांडाबद्दल राज्यसभेत, शरमेनं मान खाली घालतो असं म्हणून, देशाची माफी मागितली होती. स्वतः शीख, त्या हत्याकांडात ज्यांची माणसं गेली त्यांच्याच समाजातला, आणि पंतप्रधान म्हणून माफी मागणाराही तोच. हे आठवलं की आजही गलबलून येतं.

हे सगळं आज लिहायचं कारण आपलं सोलापूर. सात रस्त्यापासून पार्क चौकापर्यंत गाडीवर जाताना मान वर करा. वाढदिवसाचा डिजिटल फलक, निवडीचा डिजिटल आणि त्याला लागून 'भावपूर्ण श्रद्धांजली'. गेलेल्या माणसाचा फोटो जेवढा, त्याहून मोठा फोटो श्रद्धांजली वाहणाऱ्याचा. खाली तीस-चाळीस शुभेच्छुकांचे चेहरे, काही जण गॉगल लावून. ज्याला हार घातलाय त्यानं काय केलं, कसा राहिला, याबद्दल एक ओळ नाही. त्या माणसाची एक तरी आठवण यांच्यापैकी कुणाकडं असेल ना? मग ती का लिहीत नाहीत? मला याचं खरोखर वाईट वाटतं. एवढा पैसा, एवढा फ्लेक्स, आणि गेलेला माणूस कोराच्या कोरा.

आपल्याकडं सांगण्यासारखं नाही असं तर मुळीच नाही. गणपतराव देशमुख आपल्याच जिल्ह्यातले. शेतकरी कामगार पक्षाचे, सांगोल्यातून अकरा वेळा आमदार, एसटीनं प्रवास करणारे. ३० जुलै २०२१ ला गेले. त्यांच्यासोबत एसटीत शेजारच्या सीटवर बसलेली कितीतरी माणसं आज सांगोला, मोहोळ, पंढरपूर भागात असतील. त्यांनी पाहिलेलं त्यांच्यासोबतच जाणार का?

२०२४ च्या त्या सकाळी मी अण्णांना ही पोस्ट पहिल्यांदा वाचून दाखवली, तेव्हा ते म्हणाले होते, "काय सांगलालास? पंतप्रधानाकडं मारुती?" मग थोड्या वेळानं, "आपली पण तीच होती की." आम्ही सेकंडहँड घेतली होती, पांढरी. अण्णांना तिचा नंबर अजून पाठ आहे. ज्या माणसाच्या नावानं त्यांनी एवढी वर्षं बोटं मोडली, त्याची आणि आपली गाडी एक निघाली, याचं त्यांना काय वाटलं ते त्यांनी सांगितलं नाही. पण दर काही महिन्यांनी ते ती गोष्ट वाचायला लावतात.

तर माझी एक विनंती आहे. तुमच्यापैकी कुणी एखाद्या नेत्याचे ड्रायव्हर होता, कुणी विश्रामगृहावर शिपाई होता, कुणी सभेच्या बंदोबस्तावर पोलीस म्हणून उभं राहिलाय, कुणी झेडपीत फाईल घेऊन आत गेलाय. कुठल्याही पक्षाचा नेता असू दे, आज तो हयात नसेल. त्याला असं काही करताना पाहिलं असेल, जे त्यानं कुणाला दाखवायला केलं नव्हतं, तर खाली लिहा. दोन ओळी लिहिल्या तरी चालतील, शुद्धलेखनाची काळजी करू नका. रात्री जेवणं झाली की मी सगळं अण्णांना वाचून दाखवणार आहे.