ग्रंथालयाच्या टेबलावर एक रांगोळी

आमच्या शाळेतील सहावीच्या एका मुलीने गेल्या वर्षी संगणकाच्या तासाला स्क्रॅच या मुलांसाठीच्या कोडिंगच्या भाषेत आठ पाकळ्यांची रांगोळी काढायला घेतली. प्रत्येक पाकळीनंतर तिने पन्नास अंशांचे वळण दिले होते, त्यामुळे शेवटची पाकळी पहिलीवर चढली आणि फूल काही नीट मिटेना. ती बराच वेळ पडद्याकडे पाहत बसली, मग वहीच्या मागच्या पानावर तिने ३६० ला ८ ने भागले आणि पन्नासच्या जागी ४५ लिहिणार, तोच तास संपल्याची घंटा झाली. पुढचा वर्ग दाराशी उभा होता. तिला पुन्हा संगणक मिळाला तो आठवड्यानंतर, आणि तोवर अभ्यासक्रम पुढच्या धड्यावर गेला होता.

हा प्रसंग मी तक्रार म्हणून सांगत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून कोडिंगचा विचार मांडला आणि गोव्याने २०२१ मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी शाळांतून कोडिंग व रोबोटिक्स शिकवण्याची योजना हाती घेतली, याचा मला मनापासून अभिमान आहे. परंतु शाळेकडे जे नाही आणि कधी असणारही नाही, ते म्हणजे मोकळा वेळ. चुकत, खोडत, पुन्हा मांडत बसण्याचा हा वेळ वेळापत्रकाच्या चौकटीत मावत नाही. तो ज्या जागेचा स्वभावच आहे, ती जागा म्हणजे ग्रंथालय. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयाने आसपासच्या शाळांशी रीतसर भागीदारी करून मुलांसाठी सर्जनशील कोडिंगचा, म्हणजे कोडिंगमधून चित्र, नक्षी, ताल घडवण्याचा उपक्रम सुरू करावा.

संगणक विभाग असताना ग्रंथालय कशाला, असे मला विचारले गेले आहे. चांगला ग्रंथपाल उत्तर हातात ठेवत नाही, तो शोधणाऱ्याला योग्य कपाटापर्यंत नेऊन सोडतो, आणि मुलांना कोडिंग शिकवताना नेमकी हीच सवय लागते. १९६७ मध्ये गणितज्ञ सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो ही संगणकाची भाषा तयार केली, तेव्हा त्यामागे हाच विश्वास होता की मूल यंत्राला काहीतरी करायला शिकवताना स्वतः विचार करायला शिकते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतून २००७ मध्ये आलेले स्क्रॅच त्याच परंपरेतले आहे. ते मोफत आहे, इंटरनेटशिवायही चालते, आणि सत्तरी तालुक्यातील एखाद्या वाड्यावर नेटवर्क शोधत फिरणाऱ्या मुलांच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. सर्जनशील कोडिंगला विषय लागतो, आणि आपल्याकडे तो घराघरात आहे. घुमट या आपल्या मातीच्या तालवाद्याचा ताल म्हणजे ठराविक अंतराने पुन्हा येणारे ठोके, म्हणजे कोडिंगच्या भाषेत आवर्तन. देवळांच्या आणि जुन्या घरांच्या भिंतींवरील कावी चित्रांतील लाल नक्षी एका आकृतीला फिरवत आणि उलटवत वाढत जाते. चवथीला गणपतीच्या वर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीत कोणते फळ कुठे आणि किती अंतरावर बांधायचे, ही मांडणीच आहे. ज्या ग्रंथालयात इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांचा संग्रह जपला जातो, तिथे मुलांना आधी गोव्याविषयीची पुस्तके व चित्रे दाखवावीत, हाताने कागदावर रेखाटू द्यावे, आणि मगच संगणकासमोर बसवावे.

भाषेचाही विचार व्हायला हवा. आपली कितीतरी मुले चौथीपर्यंत मराठीतून किंवा कोंकणीतून शिकतात आणि पाचवीत एकदम इंग्रजी माध्यमात जातात. वर्षभरातच त्यांच्यासमोर कोडिंग येते, आणि मग मुलाला तर्क कळला नाही की इंग्रजी शब्द, हे शिक्षकालाही उमगत नाही. विद्यापीठातील संगणकशास्त्राचे जे विद्यार्थी मार्गदर्शक म्हणून बसतील, त्यांनी मुलांशी मुलांच्या भाषेत बोलावे, एवढी एक अट मी आग्रहाने घालीन.

अडचणी आहेत. गोंगाट होईल, ही अभ्यासकांची काळजी रास्त आहे, त्यासाठी शनिवारची दुपार आणि एक स्वतंत्र खोली पुरेशी आहे. अंतराची अडचण मात्र खरी आहे. गोव्याच्या दक्षिण टोकाच्या काणकोणच्या मुलाला पठारावर यायचे तर लांबचा बसप्रवास करावा लागतो. त्यामुळे पहिल्या वर्षी जवळच्या दोन-तीन शाळा घेऊन, पुढे तालुका ग्रंथालयांना जोडून घेत हे काम बाहेर न्यावे लागेल. १८३२ मध्ये सुरू झालेले मध्यवर्ती ग्रंथालय ज्या राज्यात आहे, तिथे ग्रंथालयांनी एकमेकांना हात देणे अशक्य नाही.

आणखी एक सूचना आहे. मुलांनी तयार केलेले काम वर्षाअखेरीस पुसून टाकू नये. प्रत्येक रांगोळी, प्रत्येक ताल ग्रंथालयाच्या नोंदवहीत मुलाच्या नावाने आणि दाखल क्रमांकासह नोंदवला जावा, जेणेकरून पुढच्या वर्षी येणारे मूल तो मागून घेईल, उघडून पाहील आणि त्यातले ४५ बदलून ६० करून बघेल.