झाकण

आधीच सांगतो, तक्रार रेगेटोनबद्दल, म्हणजे त्या धडधडत्या स्पॅनिश नाचगाण्यांबद्दल नाही, पाण्याच्या बाटलीच्या झाकणाबद्दल आहे. बायको म्हणते, "एवढ्या कॉन्सर्टमधलं तुला तेवढंच आठवतं?" हो. तेवढंच.

माद्रिदमधली जूनची संध्याकाळ, म्हणजे आठ वाजलेत आणि ऊन अजून डोक्यात जातंय. दीड तास रांगेत वाळून गेटपाशी पोचलो, तर रक्षकाने बाटलीकडे बोट केलं. "तापोन." म्हणजे झाकण. झाकण लावलेली बाटली फेकली तर दगडासारखी जाते, उघडी फेकली तर वाटेतच सांडते, म्हणून काढून घेतात. मान्य. पण जुलै 2024 पासून युरोपियन युनियनचा नियम आहे की झाकण बाटलीला जोडलेलंच राहिलं पाहिजे. (पिताना ते नाकात जातं, ते वेगळं.) सत्तावीस देशांनी मिळून जे जोडलं, ते हा गृहस्थ तोडून मागत होता! मी हे त्याला व्याकरणशुद्ध स्पॅनिशमध्ये समजावलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, एक हिसका दिला आणि झाकण पिंपात टाकलं. पिंप काठोकाठ भरलेलं.

आत शेजारच्या खुर्चीवर सत्तरीच्या एक आजी. नात लहान, सोबत मोठं माणूस हवं, म्हणून आलेल्या. एका हातात पंखा, मांडीवर सूर्यफुलाच्या खारवलेल्या बियांची पुडी. माझी बाटली जरा हिंदकळली.

"माफ करा, तुमच्या अंगावर उडालं का?"

"तुमच्या? मी काय म्हातारी वाटले तुला?"

इथे अहोजाहो केलं की माणसं दुखावतात. आमचं बालपण नेमकं उलट्या कारणासाठी मार खाण्यात गेलं.

"झाकण कुठाय?"

"गेटवर काढून घेतलं."

"आणि तू दिलंस?"

"मागितलं त्यांनी."

आजींनी दातांत एक बी फोडली, टरफल बाजूला टाकलं आणि पुढच्या रांगेच्या खांद्यावर पंखा मारून म्हणाल्या, "यानं मागितल्यावर दिलं." पुढची चार डोकी वळली. एकाने तर मोबाइलमधून मान काढून बघितलं. मग आजींनी पर्समधून चिल्लर ठेवायचा बटवा काढला. आत झाकणं! पांढरी, हिरवी, निळी. "लाल कोलाचं, तुला बसायचं नाही," म्हणत एकेक लावून पाहिलं. बांगड्या भरताना कासार बघतो तसं. तिसरं बसलं. "जाताना परत दे. रविवारी फुटबॉलला लागेल."

तेवढ्यात छातीत ठोका बसला. धूम्-चक-धूम्-चक. रेगेटोनच्या या ठेक्याला डेम्बो म्हणतात. जमैकाच्या शाबा रँक्सच्या गाण्यावरून हे नाव पडलं, पुढे प्वेर्तो रिकोत त्यावर स्पॅनिश गाणी वाढली, आणि 1995 मध्ये तिथल्या पोलिसांनी दुकानांवर छापे घालून असल्या कॅसेटी जप्त केल्या. हे मी पूर्वीच वाचलं होतं. जप्तीचं दुःख मात्र त्या रात्री कळलं. आजूबाजूला सगळं स्टेडियम कमरेतून वाकून नाचत होतं, बायको त्यात, आजीसुद्धा बसल्या बसल्या खांदे उडवत होत्या, आणि माझ्या डोक्यात एकच: "आणि तू दिलंस?"

दिलं. सहा वर्षं देतोच आहोत. रेसिडन्स कार्डाच्या खिडकीवर कागद, फोटो, बोटांचे ठसे. मागितली नाही तरी झेरॉक्सची जादा प्रत. आवाज न चढवता, रांग न मोडता, वर "ग्रासियास" म्हणून. ज्यांचा देश, त्यांच्याकडे बटवाभर झाकणं असतात. आपल्याला कुणी सांगितलेलंच नसतं की चार खिशात ठेवायची असतात.

शेवटचं गाणं संपायच्या आत आजींचा तळहात माझ्यापुढे आला. मी झाकण काढून दिलं. मागितलं त्यांनी.

मेट्रोत पाय ठेवायला जागा नाही. दोन्ही हातांनी बाटली छातीशी धरून, तीर्थाचा कलश नेतोय तसा मी उभा. दर ब्रेकला शर्टावर थोडं थोडं. चार स्टेशनं झाल्यावर बायको म्हणाली, "अरे, पिऊन टाक ना ते."

तीन तास हे मला सुचलं नव्हतं. मी तिला म्हणालो, तहान नाही.