नॉर्थ शोअरला एकट्याने गाडीत मुक्काम करणार असाल तर आधी रात्र ठरवा

सप्टेंबर उजाडला की मिनियापोलिस-शिकागोकडच्या मराठी ग्रुपांवर एकच प्रश्न फिरायला लागतो: डुलुथ शहराच्या वर, लेक सुपीरियरच्या उत्तर काठावर म्हणजे नॉर्थ शोअरला, पानं कधी रंगणार? मिनेसोटाचा हा तळ्यांचा मुलूख शरदात एकट्याने, सावकाश बघावा असाच आहे. पण माझं ठाम मत आहे की पानांच्या तारखेइतकीच रात्रीची तयारी महत्त्वाची आहे आणि तिचा विचार फारच कमी लोक करतात. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिथे साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि उगवतो सव्वासातनंतर. म्हणजे पावणेतेरा तासांची रात्र, तीही गाडीत, एकट्याने.

पानांचं आधी सांगून टाकतो. रंगाचे बहर दोन असतात. किनाऱ्यापासून आतल्या डोंगरधारेवरचे मेपल सप्टेंबरअखेरीस लाल होतात. काठावरचे बर्च आणि ॲस्पेन त्यानंतर, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, पिवळे होतात. लेक सुपीरियर उन्हाळ्याची ऊब धरून ठेवतं, त्यामुळे काठावर थंडी उशिरा पोचते. मेपल हुकले म्हणून बेत रद्द करू नका. एकट्या माणसाला दुसरा बहरच जास्त मानवतो: ओबर्ग माउंटनच्या पायवाटेवर गर्दी ओसरलेली असते, मधल्या वारी जागाही मिळते. स्टेट पार्कांचं आरक्षण १२० दिवस आधी उघडतं. जागा नाहीच मिळाली तर सुपीरियर नॅशनल फॉरेस्टमध्ये ठरलेल्या कॅम्पग्राउंडबाहेरही नियम पाळून मुक्काम करता येतो.

आता रात्र. आतल्या तळ्यांजवळ निरभ्र रात्री पारा सहज शून्याखाली जातो. लोक जाड पांघरुणं नेतात आणि तरी कुडकुडतात, कारण थंडी खालून येते. घरी पाहुण्यांसाठी ठेवलेली फुगवायची मोठी गादी इथे सगळ्यात वाईट. तिच्यात हवा आतल्या आत फिरत राहते आणि अंगाची ऊब खाली नेऊन सोडते. त्याऐवजी बंद पेशींच्या (क्लोज्ड-सेल) फोमची पातळ चटई खाली आणि त्यावर उष्णतारोधक फुगवता येणारी मॅट घ्या. दोन्हींची आर-व्हॅल्यू, म्हणजे ऊब किती रोखून धरते त्याचा आकडा, बेरजेने वाढते. २ आणि ४ मिळून ६, आणि या हवेला तेवढं पुरतं. स्लीपिंग बॅगवर ठळक छापलेला आकडा बहुतेक वेळा ‘लिमिट’चा असतो, ‘कम्फर्ट’चा नव्हे. लिमिट म्हणजे अंग आखडून कशीबशी रात्र निघते ते तापमान. कम्फर्ट उणे ५ सेल्सिअसच्या आसपास असलेली बॅग घ्या. झोपताना पायाशी गरम पाण्याची एक लिटरची बाटली ठेवा, पण झाकण घट्ट आहे ना हे बाटली उलटी धरून आधी पाहा. गाडी उभी करताना डोकं येईल ती बाजू किंचित उंच असू द्या.

काचांतून ऊब झपाट्याने जाते. रिफ्लेक्टिक्सचे (चकचकीत उष्णतारोधक पत्र्याचे) तुकडे प्रत्येक काचेच्या मापाचे, कडेने बोटभर मोठे कापून घट्ट बसवा. पण गाडी पूर्ण बंद करू नका. श्वासातली वाफ काचांवर जमते, पहाटे आतल्या बाजूला बर्फ धरतो आणि बॅग दमट झाली की दुसरी रात्र पहिलीपेक्षा गार जाते. समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन काचा बोटभर उघड्या ठेवा. थोडी गार हवा येते, ती सोसावी.

हीटरबद्दल मला जरा कळकळीने लिहायचं आहे. इंजिन चालू ठेवून झोपू नका आणि प्रोपेनचा हीटर लावूनही झोपू नका, खोक्यावर ‘घरात वापरण्यास सुरक्षित’ असं लिहिलेलं असलं तरी. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड (सीओ) या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. एकट्याला तर उठवणारंही कुणी नसतं. शिवाय एक किलो प्रोपेन जळलं की सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं, म्हणजे दमटपणा आणखी वाढतो. बॅटरीवर चालणारा सीओ अलार्म मात्र जवळ असावाच.

स्वयंपाक बाहेरच. घरून फोडणी घालून खमंग भाजलेला रवा न्या. वाटीभर रव्याला अडीच वाट्या उकळतं पाणी, वर झाकण, पाच-सात मिनिटांत उपमा तयार. थंडीत शेगडी फुरफुरते ती कॅनिस्टरमधल्या (गॅसच्या छोट्या डब्यातल्या) ब्यूटेनमुळे. साधं ब्यूटेन शून्याच्या जवळपास वायू व्हायचं थांबतं, आयसोब्यूटेन मात्र उणे ११-१२ पर्यंत साथ देतं. आयसोब्यूटेन-प्रोपेनचं मिश्रण घ्या आणि चहाच्या आधी कॅनिस्टर थोडा वेळ जॅकेटच्या आत धरा. शरदात काळी अस्वलं हिवाळ्याआधी दिवसभर खात सुटतात. फोडणीचा वास, उष्टी भांडी, टूथपेस्टसुद्धा त्यांना पुरते. हे सगळं घट्ट झाकणाच्या अस्वलरोधक डब्यात भरून गाडीपासून लांब ठेवा. आपण आत आणि काचा उघड्या, तेव्हा खाऊ शेजारी नको.

पाणी घरूनच १५ लिटर न्या; पाइप गोठू नयेत म्हणून हंगाम संपता संपता कॅम्पग्राउंडचे नळ बंद करतात. लाकूड मात्र घरून नेऊ नका. ॲशची झाडं पोखरणारी कीड अशाच मोळ्यांतून नव्या जंगलात पोचते. तिथलंच विकत घ्या.

काठावरच्या ग्रँड मरे गावाहून आत जाणारा गनफ्लिंट ट्रेल हा गाडीरस्ता ५७ मैलांचा आहे आणि बऱ्याच भागात फोन लागत नाही. टाकी गावातच भरा, नकाशे आधी उतरवून घ्या आणि डिकीत खरोखर स्टेपनी आहे का ते उघडून बघा. बऱ्याच नव्या गाड्यांत नुसता पंक्चरचा द्राव देतात आणि खडीच्या रस्त्यावर टायरची बाजू फाटली तर तो काही कामाचा नाही. संध्याकाळी हरणं आणि मूस (हरणाच्याच कुळातला अवाढव्य प्राणी) रस्त्यावर येतात. मूसचे पाय लांब, त्यामुळे हेडलाइट त्याच्या डोळ्यांवर पडतच नाहीत आणि काळं धूड अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. म्हणून सूर्यास्ताच्या तासभर आधी मुक्कामी पोचा. ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम असतो, तेव्हा पायवाटेवर भडक नारिंगी टोपी घाला.

निघण्यापूर्वी घरच्या एकाला लिहून पाठवा: गाडीचा नंबर, कुठलं तळं, कुठला रस्ता, मेसेज किती वाजेपर्यंत येईल आणि नाहीच आला तर कुठल्या काउंटीच्या शेरीफला फोन करायचा. गनफ्लिंटसाठी ती कुक काउंटी.