अठ्ठावीस कोटींचं नाव

१५ ऑगस्ट २०२४ ला बीएसए, म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, या जुन्या ब्रिटिश कंपनीच्या नावाची गोल्ड स्टार मोटारसायकल भारतात आली आणि आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवाळी झाली. ‘ज्यांनी राज्य केलं, त्यांचीच कंपनी घेतली!’ नाशिकच्या मामांनी लिहिलं. मी बर्मिंगहॅममध्ये राहतो. इथल्या स्मॉल हीथ भागात आर्मरी रोड अजून आहे, बीएसएचा तो अवाढव्य कारखाना मात्र सत्तरच्या दशकातच पाडला गेला. महिंद्रांच्या क्लासिक लेजंड्सने २०१६ साली घेतलं ते नाव, सुमारे २८ कोटींना. मलबार हिलला तेवढ्यात एखादा बरा फ्लॅट मिळतो.

चिंचवडचा चुलतभाऊ मामांना लगेच आडवा आला. ‘एका कंपनीने दहा धंदे केले की अशीच बुडते. आपले उद्योगसमूह बघा, मिठापासून विमानतळापर्यंत!’ इथे माझं त्याच्याशी जमत नाही. बीएसएला दहा धंद्यांनीच तर जगवलं. १८६१ साली चौदा बंदूक कारागिरांनी ती काढली. सरकारी मागणी आटली की यंत्रं थंड पडायची, म्हणून सायकली आल्या, मग मोटारसायकली, १९१० साली डेमलर मोटारीसुद्धा. नोव्हेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात कारखान्यात ५३ कामगार गेले, तरी कंपनी उभी राहिली. १९५१ साली ट्रायम्फ घेतल्यावर मोटारसायकलींत जगात तिच्याएवढी मोठी कंपनी नव्हती.

त्याच वर्षी अध्यक्ष सर बर्नार्ड डॉकर यांच्या पत्नीसाठी सोन्याच्या चांदण्या जडवलेली डेमलर बनली. भागधारकांच्या पैशाने, अर्थात. १९५६ मध्ये संचालकांनी डॉकरना घरी पाठवलं. पुढच्याच वर्षी सायकली रॅलेला विकल्या, १९६० मध्ये डेमलर जॅग्वारला. म्हणजे धंदे कमीच होत गेले, आणि भार आला मोटारसायकलींवर. १९६९ मध्ये होंडाची सीबी ७५० आली ती बटणावर सुरू होणारी, पाच गिअरची, पुढे डिस्क ब्रेक. बीएसएच्या रॉकेट थ्रीला अजून किक मारावी लागे आणि गिअर चारच. जुन्या यंत्रांवर जुनंच इंजिन ओढत राहिले. १९७३ मध्ये कंपनी नॉर्टन व्हिलियर्स या दुसऱ्या मोटारसायकल कंपनीत विलीन झाली आणि खेळ संपला.

म्हणून मी भावाला एवढंच विचारलं, तुझ्या आवडत्या-नावडत्या समूहांपैकी नफ्यातलं कोण किती नव्या यंत्रांत आणि संशोधनात घालतं? उत्तर अजून आलेलं नाही.

मामांना मात्र त्यांच्या कॉलेजातल्या बीएसए एसएलआर सायकलची आठवण करून दिली. तीही बर्मिंगहॅमची नव्हे, मद्रासच्या टीआय सायकल्सची. ‘माळ्यावर आहे,’ मामांनी लिहिलं, ‘चेन गंजलीय.’